ड्रॅगन ओळखावा तो त्याच्या बैठकीवरून

गोरेगावला राहणाऱ्या, ॲनिमेशन शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे:

"मॅडम, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मला मराठी मातीतला ड्रॅगन काढायचाय. आमचे सर म्हणतात, पश्चिमेचा ड्रॅगन दुष्ट, पूर्वेचा सज्जन, आणि आपला नाग म्हणजे बिनपंखांचा ड्रॅगन. हे कितपत खरं? एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांना हा एकच प्राणी कसा सुचला? डायनासोरची हाडं सापडली म्हणून का? आणि मी नागाला पंख दिले तर चालेल का?"

पंखांचं शेवटी सांगते. आधी सरांचं वाक्य घेऊ. लोकसाहित्य शिकवायला लागल्यापासून मी ते ऐकते आहे, आणि दरवर्षी कुणी ना कुणी ते वहीत लिहून आणतंच. ते आलं कुठून हेही कळतं. एकीकडे घोड्यावरून ड्रॅगनला भाला भोसकणारा संत जॉर्ज, दुसरीकडे चिनी सम्राटाच्या झग्यावरचा पाच नखांचा रुबाबदार ड्रॅगन. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की वाक्य आपोआप तयार होतं. चित्रं बाजूला ठेवून गोष्टी वाचायला घेतल्या, तर ते चार पानंसुद्धा टिकत नाही.

चीनमधलीच एक गोष्ट घ्या. झोऊ चू नावाचा एक दांडगट तरुण होता. त्याच्या गावाला तीन पीडा होत्या: डोंगरातला वाघ, पुलाखालच्या पाण्यात राहणारा पुराचा ड्रॅगन, ज्याला तिकडे जिआओ म्हणतात, आणि तिसरा हा स्वतः. कुणीतरी त्याला चढवलं की तू त्या दोघांना मारून दाखव. पठ्ठ्याने वाघ मारला, मग नदीत उडी टाकली आणि ड्रॅगनशी झुंजत तीन दिवस तीन रात्री पाण्याबरोबर वाहत गेला. ड्रॅगनला मारून परत येतो तर गावात आनंदीआनंद. तिघंही एकदम गेले असं समजून लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते! तिसरी पीडा कोण हे तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं आणि तो सुधारला. थोडक्यात, 'सज्जन' पूर्वेलाही मारावा लागणारा ड्रॅगन राजरोस नांदतो. जिआंगशी प्रांतातल्या शू शुन नावाच्या ताओपंथी सिद्धपुरुषाची तर मुख्य कीर्तीच पूर आणणारे ड्रॅगन मारल्याची आहे.

आता 'दुष्ट' पश्चिम. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की अथेन्सच्या अक्रोपोलिसवर देवीच्या देवळात एक मोठा साप राखणीला राहतो असं लोक मानत, आणि दर महिन्याला त्याच्यासाठी मध घातलेली पोळी ठेवत. इसवी सनपूर्व ४८० मध्ये इराणी सैन्य चालून आलं तेव्हा ती पोळी जशीच्या तशी राहिली. पुजारणीने हे सांगितल्यावर लोकांनी शहर सोडायची आणखीच घाई केली. देवीच गेली, आता आपण कशाला थांबायचं? तिकडे लिथुआनियात शेतकऱ्यांच्या घरात बिनविषारी सापाला दूध ठेवायची पद्धत होती आणि त्याला मारणं अशुभ समजत. गिरगाव-लालबागच्या चाळींत वाढलेल्या, मे महिन्यात गावी जाणाऱ्या कुठल्याही कोकणी माणसाला यात नवल वाटणार नाही. घराच्या आसपास वर्षानुवर्षं दिसणारा जुना नाग हा त्याच्यासाठी राखणदार असतो. त्याला मारायचं नसतं. हात जोडून 'जा बाबा आपल्या वाटेने' म्हणायचं असतं.

तेव्हा पूर्व-पश्चिम ही फाळणी कामाची नाही. मी विद्यार्थ्यांना सांगते, आधी अंगाकडे बघणं सोडा. पाय किती, फणा किती, पंख आहेत की नाहीत, आग ओकतो की विष, हे सगळं चित्रकाराच्या हातात असतं आणि शतकागणिक बदलतं. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. तो कशावर बसलाय? आणि गोष्ट संपताना त्याचं काय होतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'पाण्यावर' असं येतं.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त वृत्राचं आहे. वृत्र डोंगरावर पसरलाय, त्याने पाणी अडवून धरलंय. त्वष्ट्याने घडवून दिलेलं वज्र इंद्र हाणतो आणि पाणी हंबरत निघालेल्या गायींसारखं थेट समुद्राकडे धावत सुटतं. वृत्र कसा दिसतो? कवी एवढंच सांगतो की त्याला हात नाहीत, पाय नाहीत. बाकी सगळा जीव त्याने सुटलेल्या पाण्याच्या वर्णनात ओतलाय. ज्याला ड्रॅगनचं चित्र काढायचंय त्याने हे सूक्त एकदा अर्थासकट जरूर वाचावं. राक्षस न दाखवता राक्षसाचा आकार कसा जाणवून द्यायचा याचा तो धडाच आहे.

ग्रीसमध्ये कॅडमस नावाच्या वीराची माणसं झऱ्यावर पाणी भरायला जातात आणि झऱ्याची राखण करणारा सर्प त्यांना मारतो. अनेक डोक्यांची सर्पीण हायड्रा लेर्नाच्या दलदलीत राहते. डेल्फीचा पायथॉन हा महासर्पही झऱ्यापाशीच. संत जॉर्जची तेराव्या शतकात गाजलेली कथा लिबियातल्या सिलेने नावाच्या गावाची आहे. ड्रॅगन तिथे गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात राहतो. लोक त्याला रोज दोन मेंढ्या देतात, मेंढ्या कमी पडायला लागल्यावर चिठ्ठ्या टाकून माणसं देतात, आणि एक दिवस राजाच्या मुलीच्या नावाची चिठ्ठी निघते. तो आग ओकत नाही, त्याच्या श्वासात विष असतं. रोगराई पसरवणाऱ्या साचलेल्या पाण्याला शोभेल असंच हे वर्णन आहे. जॉर्ज त्याला जखमी करतो, राजकन्या आपला कमरपट्टा त्याच्या गळ्यात बांधते आणि तो पाळीव कुत्र्यासारखा तिच्यामागून गावात येतो. मारतात ते त्यानंतर. चित्रांमध्ये फक्त भाला उरला आणि तो कमरपट्टा गळून पडला, याची मला नेहमी हळहळ वाटते.

चीनमध्ये चार समुद्रांचे चार ड्रॅगनराजे आहेत आणि पाऊस पाडणं हे त्यांचं सरकारी काम आहे. सरकारी म्हणते ते गंमत म्हणून नाही. पाऊस वेळेवर पडला नाही तर गावकरी ड्रॅगनराजाची मूर्ती देवळातून उचलून भर उन्हात आणून ठेवत. बघ म्हणावं, आम्हाला काय सोसावं लागतंय ते! आपल्याकडे अवर्षणात महादेवाच्या गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडवतात, देव कोंडतात. एक देवाला उन्हात बसवतो, दुसरा पाण्यात; पण देवाला नाक दाबून तोंड उघडायला लावायची युक्ती तीच.

मुंबईत हे सगळं बघायला लांब जायला नको. सीएसएमटीला उतरा आणि रस्ता ओलांडून मान वर करा. इमारतीच्या कडांवरून तोंड वासून बाहेर झेपावलेले दगडी प्राणी दिसतील. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा केलेली ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली आणि तिच्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. असे प्राणी युरोपातल्या मध्ययुगीन चर्चवर असतात ते छपरावरचं पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला. त्यांच्या जन्माची दंतकथा फ्रान्समधल्या रुआं शहराची आहे. सेन नदीतला एक ड्रॅगन पूर आणून शहराला छळायचा. रोमानुस नावाच्या बिशपने त्याला काबूत आणलं आणि लोकांनी त्याला जाळलं. धड जळालं, पण आगीची सवय असलेलं डोकं आणि मान काही जळेनात. मग ते डोकं चर्चच्या भिंतीवर बसवलं. जो पाणी अंगावर आणायचा, तो पुढे पाणी बाहेर टाकायच्या कामाला लागला. आपल्या देवळांतही गाभाऱ्याचं पाणी मकरमुखातून बाहेर पडतं, तेव्हा ही कल्पना आपल्याला नवी नाही. सीएसएमटीपासून पाच-दहा मिनिटांवर सेंट जॉर्जेस हॉस्पिटल आहे. तिथल्या जुन्या किल्ल्याचं नाव त्याला मिळालं, आणि किल्ल्याला ज्याचं नाव दिलं तो हाच तळ्याकाठचा जॉर्ज. रोज हजारो माणसं या दोन ठिकाणांमधून लोकल पकडायला धावतात. असो.

त्याहून महत्त्वाचं ठिकाण तुमच्या घरापासून जवळ आहे: बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधलं कान्हेरी. तिथल्या लेण्यांत बुद्ध ज्या कमळावर बसलाय त्या कमळाचा दांडा खाली नागांनी धरलेला दिसेल. माणसाचं शरीर, डोक्यामागे फणा. कमळ पाण्यातून येतं आणि पाण्याखाली नागांचं राज्य, त्यामुळे दांडा धरायचा मान त्यांचा. हे बघून झालं की लेण्यांसमोरच्या खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या बघा. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय आणि त्या खोदायला कुणी दान दिलं तेही कोरलंय. पावसाळ्यात डोंगरावरून कोसळणारं पाणी पन्हाळींनी वळवून वर्षभरासाठी साठवणारे भिक्षू तिथे राहत होते. पाण्याचा इतका विचार करणाऱ्यांनी नागाला बुद्धाच्या पायाशी मानाची जागा दिली, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. बौद्धांची मुचलिंदाची कथाही अशीच आहे. ज्ञान झाल्यावर बुद्ध ध्यानात बसलेला असताना सात दिवस पाऊस लागतो आणि नागराज मुचलिंद वेटोळी घालून वर फणा धरतो. जमलं तर अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेरचा नागराज आणि त्याची राणीही बघून या. इतकं निवांत, ऐटदार बसणं मी दुसऱ्या कुठल्याही सर्पदेवतेत पाहिलेलं नाही.

पाण्यानंतर दुसरी बैठक धनाची. इथे युरोप आघाडीवर आहे. उत्तरेकडच्या कथांतला फाफनिर मुळात ड्रॅगन नव्हताच. बापाला मारून त्याने सोनं लुबाडलं आणि त्यावर पडून राहता राहता तो ड्रॅगन झाला. बिओवुल्फच्या जुन्या इंग्रजी काव्यातला ड्रॅगन तीनशे वर्षं खजिन्यावर झोपलेला असतो आणि कुणीतरी एक पेला चोरला म्हणून गावं जाळत सुटतो. माझी आवडती गोष्ट मात्र आइसलँडची आहे. एका मुलीला आईने सोन्याची अंगठी दिली. हे सोनं वाढवायचं कसं, असं तिने विचारलं. आई म्हणाली, एका किड्याखाली ठेव. मुलीने डबीत किडा आणि अंगठी ठेवली. काही दिवसांनी बघते तर सोनं वाढलं होतं खरं, पण किडाही इतका वाढला होता की डबी फुटायला आली होती. घाबरून तिने दोन्ही तळ्यात फेकलं, आणि लागरफ्ल्योत नावाच्या त्या तळ्यात तो महासर्प आजही आहे म्हणतात. धन आणि पाणी दोन्ही एकाच गोष्टीत आलं, आणि तेही ज्या देशात साप औषधालाही सापडत नाही तिथे.

आपल्याकडे पुरलेल्या धनावर नाग बसतो हे लहान मुलालाही माहीत असतं. फरक असा की आपला धनावरचा नाग बहुधा त्या घरातलाच कुणीतरी असतो, वासना अडकून राहिलेला पूर्वज. फाफनिरचं आणि त्याचं नातं इथे चटकन दिसेल: लोभाने माणसाचाच सर्प झाला. बाहेरून आलेलं अक्राळविक्राळ जनावर हे या गोष्टींत फार कमी वेळा असतं.

आता दुसरा प्रश्न, शेवटाचा. अभ्यासक मंडळी 'वीर सर्पाला मारतो' एवढंच सूत्र धरून आयर्लंडपासून भारतापर्यंत कथा लावत जातात, आणि ते सूत्र चुकीचं नाही. मारल्यानंतर काय, इकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते खरा रस तिथेच आहे.

इंद्राने वृत्राला मारलं. पुढच्या काळातल्या कथांमध्ये वृत्र ब्राह्मण ठरतो आणि इंद्राच्या मागे ब्रह्महत्या लागते. तो पाण्यात, कमळाच्या देठात लपून बसतो. शेवटी ते पाप वाटून द्यावं लागतं: थोडं जमिनीने घेतलं, थोडं झाडांनी, थोडं पाण्याने, थोडं बायकांनी. भागवतात तर हाच वृत्र मोठा भक्त म्हणून येतो आणि मरताना इंद्रापेक्षा शहाणं बोलतो. ग्रीसमध्येही तेच. पायथॉनला मारल्यावर अपोलोला, प्रत्यक्ष देवाला, शुद्धीसाठी टेंपेच्या खोऱ्यात जावं लागलं. झऱ्यावरचा सर्प मारल्याबद्दल कॅडमसने आठ वर्षं एरीस या युद्धदेवाची चाकरी केली आणि म्हातारपणी तो स्वतःच साप झाला. मारलं म्हणजे सुटलं असं कुठेच नाही.

या बाबतीत सगळ्यात जिव्हारी लागणारी कथा आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती लोकांची आहे. तिथल्या वसंतोत्सवात ती म्हणत आणि मातीच्या पाट्यांवर ती टिकून राहिली. इलुयांका नावाचा सर्प वादळदेवाला हरवतो आणि त्याचं काळीज व डोळे काढून घेतो. वादळदेव एका गरिबाच्या मुलीशी लग्न करतो, त्यांना मुलगा होतो, आणि तो मुलगा मोठा होऊन सर्पाच्याच मुलीशी लग्न करून तिथे घरजावई होतो. बाप त्याला सांगतो, सासऱ्याकडे काळीज आणि डोळे माग. सर्प देऊन टाकतो! पुन्हा धडधाकट झालेला वादळदेव समुद्रावर सर्पाला मारायला जातो तेव्हा मुलगा सासऱ्याच्या बाजूने उभा असतो आणि म्हणतो, मलाही त्यांच्यातच धर, माझी गय करू नकोस. बाप दोघांनाही मारतो. तीन हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. मीठ कुणाचं खाल्लं आणि रक्त कुणाचं, हा पेच यापेक्षा कमी शब्दांत मांडलेला मला माहीत नाही.

इराणी परंपरेने मारणंच टाळलं. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला अझी दहाक नावाचा सर्प तीन तोंडांचा, तीन डोक्यांचा, सहा डोळ्यांचा. फरीदून हा वीर त्याला मारायला निघतो तेव्हा परमेश्वर अहुर मज्द सांगतो, कापू नकोस. त्याच्या अंगातून साप, विंचू, बेडूक बाहेर पडून पृथ्वी भरून जाईल. म्हणून त्याला दमावंद पर्वताखाली साखळदंडांनी बांधून ठेवलं. दमावंद हा ज्वालामुखी आहे, हे लक्षात घ्या. ग्रीकांनी आपला टायफॉन हा सर्पराक्षस एटना ज्वालामुखीखालीच पुरला होता. पुढे फारसी कवी फिरदौसीने हाच दहाक झह्हाक नावाचा राजा केला, ज्याच्या दोन खांद्यांतून साप उगवतात आणि त्यांना रोज माणसांचे मेंदू लागतात. फरीदून हे नाव मुंबईच्या पारशी घरांत आजही ठेवतात. दादर पारशी कॉलनीत फरीदूनकाका भेटले तर तुम्ही एका ड्रॅगनविजेत्याच्या नावाला हाक मारताय हे ध्यानात असू द्या.

आणि आपला कालिया. तो मुळात रमणक बेटावरचा. गरुडाच्या भीतीने पळून यमुनेच्या डोहात आला, कारण सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुडाला तिथे यायला बंदी होती. कालियाच्या विषाने डोह नासला, गुरं-गोपाळ मरायला लागले. कृष्ण त्याच्या फणांवर नाचतो, नागपत्न्या हात जोडतात, आणि निकाल काय लागतो? डोह रिकामा कर, आपल्या बेटावर परत जा, तुझ्या फण्यांवर माझ्या पावलांचे ठसे आहेत, गरुड आता तुला हात लावणार नाही. मुंबईकराच्या भाषेत, अतिक्रमण हटवलं आणि मूळ जागी पुनर्वसनही केलं, संरक्षणाच्या हमीसकट. जगातल्या सर्पकथांमध्ये इतका समंजस निवाडा दुर्मिळ आहे. महाभारताची सुरुवातच तर सापांच्या कत्तलीने होते: बापाला तक्षकाने मारलं म्हणून जनमेजय सर्पसत्र मांडतो, साप मंत्रांनी ओढले जाऊन आगीत पडायला लागतात, आणि ते थांबवतो आस्तिक. त्याची आई नागकन्या, बाप ऋषी. दोन्हीकडचं रक्त असलेला माणूसच मध्ये पडू शकतो. हित्ती मुलाची आणि आस्तिकाची गोष्ट शेजारी ठेवून वाचा. एकाला बापाने मारलं, दुसऱ्याचं राजाने ऐकलं.

डायनासोरचं उत्तर थोडक्यात देते, कारण ते थोडक्यातच आहे. हाडांनी आकार पुरवला, गोष्ट नाही पुरवली. ऑस्ट्रियातल्या क्लागनफुर्ट शहरात चौकात मोठा दगडी ड्रॅगन आहे, १५९० च्या सुमाराचा. त्याचं डोकं १३३५ साली सापडलेल्या एका कवटीवरून घडवलं असं सांगतात, आणि ती कवटी निघाली हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची. चीनमध्ये ड्रॅगनची हाडं म्हणून जीवाश्म औषधाच्या दुकानांत कुटून विकत. त्यातल्याच काही हाडांवर कोरलेली अक्षरं १८९९ मध्ये एका विद्वानाच्या नजरेत भरली आणि प्राचीन शांग राजघराण्याच्या काळातली लिपी उजेडात आली. हे सगळं खरं. पण मग आपलं काय? मुंबई उभी आहे ती लाव्हाच्या खडकावर. वरळीच्या खडकांच्या थरांत एकोणिसाव्या शतकात जीवाश्म सापडले ते बोटभर बेडकांचे. कोकणात आणि घाटावर डायनासोरची हाडं कुणी खणून काढली नाहीत, तरी नागांच्या गोष्टींना तोटा नाही.

सापाची उपजत भीती हे दुसरं उत्तर देतात. त्यात तथ्य आहे, पण तेही पुरत नाही. न्यूझीलंडच्या जमिनीवर साप नाहीत, तरी तिथल्या मूळच्या माओरी लोकांचा तानिव्हा हा पाण्यातला अद्भुत प्राणी खोल डोहांत, नदीच्या वळणांवर राहतो आणि आपापल्या कुळाची राखण करतो. २००२ साली वायकाटो भागात हमरस्त्याचं काम तानिव्हाच्या जागेवरून अडलं आणि रस्त्याच्या आखणीत बदल करावा लागला. रॉबर्ट ब्लस्ट या भाषाशास्त्रज्ञाने ड्रॅगनचं मूळ इंद्रधनुष्यात शोधलं. पाऊस आणि ऊन एकत्र आल्यावर आकाशात वाकलेला सर्प, असा त्याचा युक्तिवाद. ऑस्ट्रेलियातल्या इंद्रधनुष्य-सर्पाकडे बघितलं की तो पटतो. आपल्याकडे आणून बघितलं की मला तो ओढूनताणून वाटतो. आपल्याकडे उत्तर जास्त जवळ आहे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, साप बाहेर येतात, शेतात आणि घरात दिसतात. पाऊस आणि साप एकाच आठवड्यात दारात येत असतील, तर दोघांचा एकच धनी मानायला हाडं लागत नाहीत.

म्हणूनच तुमच्या प्रोजेक्टसाठी मी श्रावण सुचवेन. नागपंचमीची कहाणी तुमच्या आजीला येत असेल. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळात जातो, नागिणीची पिल्लं मरतात, ती रात्री येऊन शेतकऱ्याचं सगळं घर डसते आणि सासरी असलेल्या त्याच्या मुलीला मारायला निघते. तिथे जाऊन बघते तर मुलीने पाटावर चंदनाने नागकुळं काढून लाह्या-दूध ठेवलंय. नागीण शांत होते, अमृत देते, माहेर जिवंत होतं. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, खणायचं नाही, पुरणाची दिंडं वाफवायची, ते सगळं या फाळावरून आलंय. यात दुष्ट कुणी नाही. चूक झाली, सूड झाला, तडजोड झाली. ड्रॅगनच्या गोष्टीला याहून चांगला सांगाडा मला तरी माहीत नाही, आणि तो अजून कुणी नीट ॲनिमेट केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. नांगराच्या जागी तुम्हाला जेसीबी आणि वारुळाच्या जागी आरे कॉलनी दिसली तर मी अडवणार नाही. मात्र नाग वाटीतलं दूध पितोय असं दृश्य नका दाखवू. दूध काही त्यांचं अन्न नव्हे, आणि पंचमीला जबरदस्तीने दूध पाजून लोक त्यांचे हाल करतात.

राहिले पंख. मेक्सिकोच्या केत्साल्कोआत्ल या सर्पदेवाला पिसं आहेत, पण ती शोभेची नाहीत. तो वारा होऊन पाऊसदेवांसाठी वाट झाडत पुढे जातो, म्हणून पक्षी. आपल्या नागाला पंख द्यायचे तर आधी कद्रू आणि विनतेची गोष्ट आठवा. दोघी कश्यपाच्या बायका, सख्ख्या बहिणी. घोड्याच्या शेपटीच्या रंगावरून पैज लागली, कद्रूच्या सापांनी शेपटीला चिकटून ती काळी दाखवली, विनता दासी झाली. तिला सोडवायला गरुडाने अमृत आणलं, दर्भावर ठेवलं, आणि साप आंघोळ करून येईपर्यंत इंद्राने ते पळवलं. मग सापांनी तो दर्भच चाटला आणि त्यांच्या जिभा दुभंगल्या. म्हणजे या घराण्यात पंख आहेत ते सावत्रभावाकडे, गरुडाकडे, आणि नागांच्या सगळ्या भीतीचं कारण तेच आहेत. तुमच्या नागाला ते लावायचे असतील तर खुशाल लावा, पण ते त्याला कुणाकडून आणि कशाच्या बदल्यात मिळाले, ते पहिल्या पाच मिनिटांत सांगा. जीभ मात्र दुभंगलेलीच काढा.